पाचवा फाउल

टिल्डन, आयोवा
रविवार, १७ जानेवारी १९८८

प्रिय लॉवेल,

पत्र उघडलंस, म्हणजे अर्धी मॅच मी जिंकले. पाकिटावरचं अक्षर बघून डोनाने ते तुझ्यापुढे ठेवलं असणार आणि तू "राहू दे तिथे" म्हणाला असणार, हे मला इथे बसून दिसतंय. आम्ही दोघं बरे आहोत. ऑरिनचा गुडघा थंडीने आखडलाय, पण त्याचं जेवण आणि कुरकुर दोन्ही व्यवस्थित चालू आहे. मंगळवारपासून बर्फ पडतोय, आणि आमच्या गल्लीत बर्फ काढणारी गाडी नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी आली. तुम्ही सगळे मजेत असाल.

आधी बास्केटबॉलचं. आठ कॉलेजांच्या या आपल्या एवढ्याशा कॉन्फरन्समध्ये आम्ही पुन्हा पहिले आहोत. मुलींनी अकरापैकी नऊ मॅच मारल्या. तुमच्या मार्शबरीच्या बगळ्यांचं परवाचं रेडिओवर ऐकलं. जर्सीवर भले रुबाबात 'हेरन्स' लिहा, बगळा तो बगळाच. अठरा गुणांची आघाडी, तीही दुसऱ्या हाफमध्ये, घालवायची म्हणजे अंगात कला लागते. ऑरिन म्हणाला, "लॉवेलने आज रेडिओ फोडला असेल." मी म्हटलं, छे, तो रेडिओ नाही फोडत, तो रेफरीला पत्र लिहितो. आमच्या पोरी मात्र काय खेळतायत, बघत राहावं. कोनी पदवी घेऊन गेली तेव्हा वाटलं होतं आता वर्षभर मार खावा लागेल, पण जागा भरली बघ.

आता दुसरं. गुण लिहायच्या टेबलाशी मला या हिवाळ्यात तीस वर्षं होतायत. डेल, म्हणजे आमचा क्रीडा विभागाचा नवा प्रमुख, त्याच्या मनात आलंय की माझा सत्कार करायचा. शनिवार, २० फेब्रुवारी, मध्यंतरात. मॅच तुमच्याशीच. गुणलेखकाच्या टेबलावर पितळी पाटी बसवणार, माझ्या नावाची. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले नाही, कारण मग तो खरंच रद्द करेल अशी भीती वाटली.

थट्टा सोड, पण मला ती पाटी शोभेल. मुलांच्या आणि मुलींच्या मिळून आठशेच्या वर मॅच मी लिहिल्या. कुणी किती गुण केले, कुणाचा कितवा फाउल, सगळं माझ्या हातचं. यजमान कॉलेजची वही ती अधिकृत वही. रेफरी अडला की तोसुद्धा माझ्याकडे येतो. आणि टेबलाशी बसणाऱ्याला टीम नसते. तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट अंगात घातला की मी टिल्डनची नाही, कुणाचीच नाही. टाळी नाही, आरडाओरडा नाही, कपाळावर आठीसुद्धा नाही. नवे लोक आठवड्याभरात विसरतात आणि उड्या मारतात. मी नाही. जेनेल चार वर्षं तुमच्याकडून माझ्यासमोर खेळली. माझी भाची, तुझी लेक. बाबांच्या कोठाराच्या भिंतीवरच्या त्या वाकड्या रिंगमध्ये तिला चेंडू टाकायला मी शिकवलं. तरी तिच्यासाठी माझे हात टेबलावरून उचलले नाहीत. शिस्त म्हणतात ती हीच.

तर तू ये. साडेदहा महिने झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. नाताळचं कार्डसुद्धा डोनाच्या एकटीच्या सहीने आलं. गेल्या मार्चमध्ये आपल्या फायनलला जे झालं ते झालं. जेनेलला पाचवा फाउल लागला आणि पाच झाले की बाहेर, हा नियम मी केलेला नाही. तुमची चार गुणांची आघाडी होती, जेनेल बाहेर गेल्यावर तुम्ही शेवटच्या तीन मिनिटांत ढेपाळलात, तोही माझा दोष नाही. तुझ्या वहीत तिचे चार होते आणि माझ्या वहीत पाच. तू वर बाकावर बसून, एका हातात मक्याच्या लाह्या धरून हौसेने वही लिहितोस. मी टेबलाशी बसून लिहिते. कुणाची खरी धरायची, तूच सांग.

टेबलाशी येऊन तू हुज्जत घातलीस तेव्हा मी तुला जे बोलले ते जरा जास्त झालं, तेवढं मान्य. वहीचं मात्र नाही.

जिममध्ये तळलेल्या पोर्कचं टेंडरलॉइन सँडविच मिळतं, पूर्वीइतकंच मोठं, पावाबाहेर वीतभर लोंबणारं. मी खाऊ घालीन. डोनाला आणि जेनेलला आठवण सांग.

तुझी,
आर्डिस


टिल्डन
रविवार, ७ फेब्रुवारी १९८८

प्रिय लॉवेल,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. इकडे सगळं ठीक. काल चर्चच्या तळघरात जेवण होतं, पंचाहत्तर माणसं, आणि त्यात अकरा बायकांनी एकच बटाट्याचा पदार्थ आणला. ऑरिनने अकराही चाखले आणि माझा सहावा आला म्हणाला. थंडी मरणाची आहे.

आमच्या मुली बुधवारी हरल्या. तुम्ही जिंकलात, ऐकलं. चांगलं खेळलात.

डेलला सत्काराच्या दिवशी बाहेरच्या दालनात टीव्ही ठेवून जुन्या मॅचची थोडी दृश्यं दाखवायची आहेत. "गेल्या वर्षीची फायनल दाखवू, तीच तर आपली मोठी," म्हणाला, आणि प्रशिक्षकांची कॅसेट माझ्याकडे दिली, त्यातलं काय घ्यायचं ते निवडायला. ऑरिनने ट्रॅक्टरच्या शर्यती रेकॉर्ड करायला ते व्हीसीआर यंत्र घेतलंय, त्यावर लावली. अजून सगळी बघून झाली नाही. सवड कुठे मिळते.

तू ती तुझी वही ठेवली आहेस का रे? तू काही टाकत नाहीस, म्हणून सहज विचारते. दुसऱ्या हाफमध्ये, अकरा मिनिटं उरली असताना, कोनीने बास्केट टाकली आणि वर तिच्यावर फाउलही झाला. ती टाकली तेव्हा जिमचं छत उडायचं बाकी राहिलं होतं, तुला आठवत असेल. तो फाउल तू कुणाच्या नावावर लिहिलास? चोवीस की बेचाळीस? म्हणजे जेनेलच्या की त्या तुमच्या उंच बेथच्या? रेफरी टेबलापुढे येतो आणि हात वर करून बोटांनी नंबर दाखवतो, आधी एक आकडा, मग दुसरा. चोवीस आणि बेचाळीस उलटसुलट होऊ शकतात. म्हणजे दुसऱ्या कुणाकडून. मी तीस वर्षांत केलेले नाहीत.

तू म्हणशील, पाहुण्यांची वही लिहायला तुमचा क्लेम माझ्या शेजारी बसला होता आणि त्याच्या वहीतही पाचच निघाले. निघणारच. क्लेम भला माणूस आहे, पण त्याला चष्म्यातून पलीकडचं बास्केट दिसत नाही. तो माझ्या वहीत बघून लिहितो. दर वर्षी लिहितो. दोन्ही वह्या जुळल्या म्हणून रेफरीने तुला जागेवर जायला सांगितलं, आणि आणखी एक शब्द बोललास तर बगळ्यांवर दंड लावीन म्हणाला, आणि तू गेलास. एवढा मोठा माणूस, निमूटपणे गेलास. ते आज का आठवलं कोण जाणे.

२० तारखेला रस्ते निसरडे असतील. नाही आलास तरी मी समजून घेईन. खरं तर नाहीच आलास तर बरं, असं वाटायला लागलंय. कशाला उगाच पन्नास मैल गाडी हाकायची.

जेनेल हल्ली कुठल्या शाळेत शिकवते? डोनाने कार्डात लिहिलं होतं, पण कार्ड सापडत नाही. एक ओळ लिहून नुसतं शाळेचं नाव पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी,
आर्डिस


टिल्डन
सोमवार, १५ फेब्रुवारी १९८८

लॉवेल,

जेनेलचे फाउल चार होते. तुझी वही बरोबर होती आणि माझी चूक.

हे आधी लिहून टाकलं, नाहीतर मी पुन्हा ऑरिनच्या गुडघ्यापाशी जाऊन घुटमळले असते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कॅसेट मी तेव्हाच पुरी बघितली होती, आणि ती अकरा मिनिटं उरलेली जागा तर इतक्या वेळा मागे नेऊन बघितली की ऑरिन म्हणाला, फीत तुटेल.

कॅमेरा समोरच्या बाजूला उंचावर होता, त्यामुळे टेबल सबंध दिसतं. कोनी उडी मारते. बेथचा हात तिच्या मनगटावर बसतो. जेनेल चार पावलं लांब आहे, तिचा काही संबंध नाही. चेंडू आत जातो. सगळी जिम उभी राहते. रेफरी टेबलापुढे येतो, हात वर करतो, चार बोटं, मग दोन. कुणा आंधळ्यालाही कळेल. आणि टेबलाशी पट्ट्यांच्या शर्टातली एक बाई टाळ्या वाजवते आहे. हळूच, टेबलाखाली वगैरे नाही. हात डोक्याच्या वर नेऊन. रेफरीकडे तिचं लक्षच नाही, ती बास्केटकडे बघून हसते आहे. मग ती खाली वाकते आणि वहीत चोवीस लिहिते. त्यामुळे पुढे जेनेलला लागलेला खरा चौथा फाउल माझ्या वहीत पाचवा ठरला.

मला खरंच आठवत नव्हतं. शपथेवर सांगते. मला वर्षभर कुणी विचारलं असतं तरी मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी कधी टाळी वाजवत नाही. मी तुला तसं लिहिलंही, गेल्या महिन्यातच, किती तोऱ्यात लिहिलं. नियम मोडला हे एक. पण मोडला आणि मोडला हे मला कळलंसुद्धा नाही, याचा मला फार राग आला. रडले नाही. रागावले, आणि त्या रागात स्वयंपाकघरातली सगळी कपाटं धुऊन काढली.

आणि नंबर न बघता मी जेनेलचाच का लिहिला? तेही सांगते. कारण चार वर्षं ती मैदानात असली की मी दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हते. ती कुठे उभी आहे, दमली का, घोटा दुखतोय का. त्या दिवशी डोळे तिकडे बास्केटवर होते आणि हाताने सवयीने तिचाच आकडा लिहिला. तिच्यावर जीव होता म्हणून तिच्या नावावर फाउल गेला. हे समर्थन नाही. घडलं तसं लिहिते आहे.

गेल्या सोमवारी सकाळी डेलच्या खोलीत गेले. त्याने कॅसेट बघितली, मला कॉफी दिली आणि म्हणाला, "एक फाउल आहे, आर्डिस. वर्षापूर्वीचा. सोडून दे."

मी म्हटलं, "आपण एका गुणाने जिंकलो. जिममध्ये मुलींचा एकच अजिंक्यपदाचा ध्वज आहे, आणि तो त्या फाउलवर टांगलेला आहे."

"म्हणून तर सोडून दे म्हणतोय," तो म्हणाला.

मग मी कॉन्फरन्सच्या कार्यालयाला फोन केला. ते म्हणाले, रेफरीने वहीवर सही केली की निकाल पक्का, आता काही बदलत नाही, आणि फोन केल्याबद्दल आभार. ठीक आहे. निकाल बदलत नाही, पण खरं काय ते तरी लोकांना कळू दे. तुमच्या गावच्या आणि आमच्या गावच्या दोन्ही साप्ताहिकांना मी सहा ओळी पाठवल्या आहेत. तारीख, मिनिट, नंबर, टाळ्या, माझं नाव. विशेषण एकही नाही. येत्या गुरुवारी छापून येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. डेलचं तोंड एवढंसं झालंय. बेकरीतली बाई बहुधा मला काही दिवस कालचा पाव देईल. देऊ दे. मी या गावात त्रेसष्ट वर्षं काढली आहेत, मी काही घाबरत नाही. पुढची त्रेसष्टही काढीन.

तुझ्यापुढे मात्र थोडी घाबरते. त्या दिवशी तू वही घेऊन टेबलाशी आलास, नीटपणे म्हणालास, "आर्डिस, पुन्हा एकदा मोज ना," आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तुझ्या पोरीला हात आवरता येत नाहीत त्याला मी काय करू?" ती तेव्हा दहा पावलांवर बाकावर बसली होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. तिने ऐकलं. तिचं कॉलेजातलं शेवटचं मैदान होतं ते, आणि तिने तिथे शेवटचं ऐकलं ते माझं हे वाक्य. लॉवेल, मी तुझी माफी मागते. वहीची वेगळी आणि या वाक्याची वेगळी.

शाळेचं नाव तू कळवलं नाहीस, मी डोनाला फोन करून काढून घेतलं. तिच्यावर चिडू नकोस. गेल्या बुधवारी दुपारी गेले. जेनेल सातवीच्या मुलींना खेळवते, तुला माहीतच आहे. सराव संपला होता, ती चेंडू जाळीत भरत होती. केस कापलेत तिने. मी कोट न काढता सगळं सांगून टाकलं, उभ्याउभ्या.

ती म्हणाली, "आत्या, चार होते हे मला तेव्हाच माहीत होतं. स्वतःचे फाउल किती झाले हे कुठल्या खेळाडूला कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"रेफरीने वही बघितली. वहीत तुझं अक्षर. मी काय बोलणार होते?"

मी म्हटलं, तुझी शेवटची मॅच माझ्यामुळे गेली. ती चेंडू भरत राहिली. मग म्हणाली, "मॅचचं मी कधीच विसरले. टाळ्यांचं नाही विसरले."

तिने बघितलं होतं. चार पावलांवर उभी होती ना, रिकाम्या हातांनी.

"चार वर्षं मी तुझ्यासमोर खेळले," ती म्हणाली. "तुमच्या जिममध्ये एकदा एकतीस गुण केले. तू एकतीस लिहिलेस आणि पान उलटलंस. मला त्याचं वाईट नाही वाटलं. मी टीममधल्या सगळ्यांना सांगायचे, ती माझी आत्या आहे, तिला टाळी वाजवायची परवानगी नाही. मला त्याचा अभिमान होता. आणि मग वाजवलीस. कोनीसाठी."

मी म्हटलं, "अगं, टेबलाचा नियम..."

"नियम टेबलाचा होता, आत्या. चार वर्षांत एक दिवस सुट्टी घेऊन वर बाबांशेजारी येऊन बसायचं होतंस."

लॉवेल, तीस वर्षांत मला एकदाही हे सुचलं नव्हतं. मी टेबल सोडलं तर जग बुडेल असं वाटायचं. एक दिवस दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर काय झालं असतं? एखादा फाउल चुकला असता. तो माझ्याकडूनही चुकलाच.

ती मग मला गाडीपर्यंत सोडायला आली. बर्फावरून माझा हात धरून. क्षमा केली असं काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. गाडीचं दार लावताना एवढंच म्हणाली, "वीस तारखेला मी येतेय मॅचला. तुझा सत्कार बघायला यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता सत्कारच नाही म्हणतेस, तर येते."

सत्कार नाही हे खरं. पाटी डेलच्या खोलीत कागदात गुंडाळून पडली आहे, शर्ट मी धुऊन परत दिला. टेबलाशी आमच्या ग्रंथालयातली बाई बसेल. तिला मी दोन दिवस शिकवलंय. रेफरीच्या बोटांकडे बघ, बाकी जगाकडे बघू नकोस, एवढंच सांगितलंय. चांगलं लिहिते ती.

मी मात्र येणार आहे. टिल्डनच्या बाजूला बसणार नाही. पाहुण्यांच्या बाजूला, वरून तिसरी रांग, जिथे तू बसतोस. कुणी हुर्यो केली तर करू दे, आणि टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते मी तिथे बसल्यावर ठरवीन. तीस वर्षांच्या साठलेल्या आहेत. जेनेल मधे बसेल. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तिच्याशी बोल, मी ऐकीन.

फक्त थोडं सरकून जागा दे. नाही दिलीस तर मी पायरीवर बसेन, पण त्याच रांगेशी, आणि शेवटचा भोंगा होईपर्यंत उठणार नाही.

चुकलेली, पण तुझीच,
आर्डिस